घरातलं बोलणं

आमचे हे बोलतात फार. परतूरच्या मोंढ्यात कापूस-सोयाबीनची दलाली करायची तर माणसाला तोंड लागतंच, पण यांचं तोंड धंद्यापुरतं कधीच नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवसभर पोरांचा गोंगाट आणि घरी आलं की यांचा. "जरा गप बसा हो, मला वह्या तपासायच्यात," असं म्हणण्यात माझी संसारातली अर्धी वर्षं गेली असतील.

माझे कान गेले ते निवृत्तीच्या आसपास. तापानं कानाची नस गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन लावून पाहिलं, त्यातून नुसती खरखर यायची. ते कपाटात टाकून दिलं. एक शेजारीण म्हणाली, "बाई, सुटलात तुम्ही, आता भावजींची बडबड नको." म्हणाली म्हणजे तिनं ते कागदावर लिहून दाखवलं. चेष्टा कुणी लिहून हातात दिली की तिला हसणं फार अवघड जातं.

लोकांना वाटतं, बहिऱ्या माणसाचं कागदावर भागतं. भागतं, पण माणूस लिहिताना कामाचंच लिहितो. हे सातवीपर्यंत शिकलेले. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण लिहायचं म्हटलं की हात जड होतो. भाव, वजन आणि गाडीचा नंबर याच्या पलीकडे त्यांच्या पेनातून काही उतरत नाही. "दूध आलं." "अमका वारला." कसा वारला, कुणी सांगितलं, मातीला कोण कोण आलं आणि कोण मुद्दाम आलं नाही, हे सगळं ते बोलत असायचे. तोंड हलताना मला दिसायचं आणि कागदावर यायचे दोन शब्द. ओठ वाचायला शिकावं म्हटलं तर मधे मिशा. मिशा बारीक करा म्हटलं तर त्यांनी कागद ओढून लिहिलं, "नाही."

मग आमची लेक दिवाळीला आली. ती संभाजीनगरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. समोरचा बोलेल ते ठळक अक्षरात लिहून येतं, आणि तेही फुकट. यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तिनं मला लिहून सांगितलं. यांनी फोनला हात जोडले. सुरुवातीला त्या बुद्धिमत्तेला आमच्याकडचं बोलणं काही झेपेना. अर्धं लिहायची, अर्धं खायची. लेक म्हणाली, रोज बोलत राहा पप्पा, ते शिकत जातं. पुढचे काही आठवडे हे सकाळ-संध्याकाळ साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसून बोलत राहिले. बोलायला सांगितलेलं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

एक दिवस दुपारी जेवता जेवता पडद्यावर आलं, "आज लई गंमत झाली. सातोन्याकडून कापसाची गाडी आली, तिच्यावर माकड बसून आल्तं. गाडीवाल्याला पत्ताच न्हाई. मोंढ्यात आल्यावर माकड उतरलं आन बराबर चहाच्या हाटेलाकडं गेलं. मी म्हणलो, ह्याचा बी चहा माझ्या खात्यावर लिहा." मी हसले. घास घशात अडकेपर्यंत हसले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि पडद्यावर आलं, "हसली."

त्यानंतरचं वर्ष आमच्या संसारातलं सगळ्यात जास्त बोलण्याचं वर्ष होतं. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. ऐकू येत होतं तेव्हा मी निम्मं कानाआड करत होते. आता वाचायचं असल्यामुळे एकही शब्द सुटत नव्हता. हे स्वतःशी बोलायचे तेही यायचं. जिनिंगवाल्याला हासडलेल्या शिव्या, भाजीत मीठ कमी असल्याची कुरकूर, देवापुढचं पुटपुटणं. "तुम्ही माझ्या भाजीला नावं ठेवता होय," असं मी म्हटलं की दचकायचे, फोनकडे बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला काय पोटात ठिवता येत न्हाई का?" रस्त्यावरून भंगारवाला गेला तर त्याची आरोळीही लिहून यायची. ती आरोळी मी विसरूनच गेले होते.

आणि बातम्या. यांना टीव्हीवरच्या बातम्यांचं वेड. चीन आणि अमेरिका यांचं काय चाललंय ते मला रोज समजावून सांगायचे. "आता लढाई जमिनीची न्हाई राह्यली बाई," असं यायचं पडद्यावर. मला सगळं गाव बाई म्हणतं, म्हणून हेही म्हणतात. "आता लढाई मशीनच्या डोक्याची हाय. नखाएवढी चकती असती, तिच्यात डोकं असतंय. ती चकती ह्यानं त्याला द्यायची न्हाई, त्यानं ह्याला चकतीला लागती ती खाणीतली माती द्यायची न्हाई. ज्याच्याकडं डोकं त्याचं राज्य." मी विचारायचे, "मग आपण कुणीकडं?" हे म्हणायचे, "आपण मधी. बांधावर उभं राह्यल्यावानी." जगातलं एवढं मोठं भांडण माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी लिहून येत होतं, आणि ते लिहिणारं डोकं कुणाचं, हे आम्हां दोघांपैकी कुणीही विचारलं नव्हतं.

पुढं लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. त्याच सुमारास सीमेवर काहीतरी झालं. काय झालं ते मला आता नीट आठवत नाही. टीव्हीवर लाल पट्ट्या धावत होत्या एवढं आठवतं. मोंढ्यामागच्या चहाच्या हाटेलात रोज गरमागरमी व्हायची आणि तिथून हे जास्तच तापून घरी यायचे. एक दिवस आले ते कपाळाला भंडारा लावून.

आमच्याकडे बेलभंडारा उचलणं ही साधी गोष्ट नाही. बेलाचं पान आणि खंडोबाच्या नावाची चिमूटभर हळद तळहातावर घेऊन शब्द द्यायचा. बांधाच्या भांडणात, भावकीच्या वाटणीत लोक उचलतात. कोर्टात बिनधास्त खोटं बोलणारा माणूसही भंडारा समोर आला की हात मागे घेतो. उचलून मोडला तर त्याचं फळ उचलणाऱ्याच्या घरावर येतं, असं मानतात. हाटेलात कुणीतरी तो आणला होता, आणि जमलेल्या सगळ्यांनी उचलला. "चीनची एक बी वस्तू घरात ठिवणार न्हाई, म्हणलो आम्ही," असं पडद्यावर आलं. छाती पुढे काढून उभे होते.

मी चेष्टा केली. "आधी बोलायचं आणि मग घरात काय काय आहे ते बघायचं, असं का?" त्यांनी खरंच घर उपसायला घेतलं. बॅटरी निघाली, डास मारायची रॅकेट निघाली, गणपतीच्या माळा निघाल्या. लाईट गेल्यावर लावायचा दिवा निघाला, तो उचलताना जरा थांबले, कारण लाईट रोजच जाते. सगळं पोत्यात भरून मोंढ्यात नेऊन टाकलं. लेक बाजेवर पाय पसरून बसली होती आणि हसत होती. हे तिला म्हणाले, "हसू नको, नीट बघून सांग, आजून काय राह्यलं का."

तिनं काय उत्तर दिलं ते पडद्यावर आलं, कारण फोन तिच्याकडे तोंड करूनच ठेवलेला होता. "पप्पा, मंग आईचं हेच की. हे ॲप चीनचंच हाय."

ती गमतीनं म्हणाली होती. म्हणून झाल्यावर तिच्याही तोंडावरचं हसू गेलं. हे बाहेर निघून गेले.

दोन-तीन दिवस हे माझ्यासमोर बसलेच नाहीत. सकाळी लवकर जायचे, जेवायला उशिरा यायचे, जेवण ताटात घेऊन बाहेर ओट्यावर बसायचे. मला कळत होतं. शेवटी एका सकाळी मीच फोन घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "बोला."

"मी उचलला हाय," असं आलं.

"फोनमधलं काही वस्तूत धरतात का?"

"वस्तू ती वस्तू."

"भंडारा तुम्ही उचलला, मी नाही उचलला."

मग आलं, "मी घर म्हणलो. घरात तू येतीस."

मला राग आला होता. मी म्हणाले, बाकीच्यांनी काय काय काढलं घरातून ते जरा जाऊन बघा. मी म्हणाले, तुमच्या देवाला चीन कुठंय ते तरी माहीत आहे का. हे सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी आत बघितलं, लेक झोपली होती तिकडं, आणि पडद्यावर सावकाश आलं, "पोरीचे दिवस भरत आलेत. मला भ्या वाटून राह्यलं."

मी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. पिंपळावर भूत नसतं, मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, ग्रहण म्हणजे सावली, हे मी फळ्यावर चित्रं काढून पोरांच्या गळी उतरवलं. आणि त्या सकाळी ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण लेकीचं काही कमी-जास्त झालं असतं तर हा माणूस आयुष्यभर माझ्या फोनकडे बघत बसला असता, आणि मीही बसले असते.

ते ॲप काढायचं कसं हे त्यांना येत नव्हतं. मीच काढलं. काढायच्या आधी फोननं विचारलं, नक्की काढायचं का. मी हो वर बोट ठेवलं. यांचे डोळे भरले होते. ते काहीतरी म्हणाले. ते मला कळलं नाही.

नात झाली. दोघी सुखरूप. हे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आधी खंडोबाला गेले. मी नातीच्या छातीवर हात ठेवून ती रडते का ते बघायचे. रडत असली की हाताला कळायचं. लोक म्हणतात, नातवंडं आली की माणूस सगळं विसरतो. मला तसं काही झालं नाही. मला आनंद झाला, पण दुसऱ्या कुणाला तरी झाल्यासारखा. राग कुठं गेला तेही कळलं नाही. पाय बधिर झाला की त्याला चिमटा काढून बघावं, तसं मी स्वतःला काय काय आठवून बघायचे. काही होत नव्हतं.

लेक होती तोपर्यंत ती आमच्या मधे बसून लिहून द्यायची. हे भरपूर वेळ बोलायचे, हातवारे करायचे, आणि लेक मांडीवरचं बाळ सांभाळत एका हातानं फोनवर लिहायची, "पप्पा म्हणतात काळजी करू नको." एवढंच का, असं मी विचारलं की ती लिहायची, साधारण तसंच. हळूहळू हे तिच्यापुढेही आवरून बोलायला लागले. मग थेट कागदावर आले. "दूध आलं." "गॅस संपला."

मोंढ्यातल्या लोकांचं सांगायचं तर दिवाळीला निम्म्या घरांवर तसल्याच चिनी माळा लागल्या होत्या. भंडारा ज्यानं आणला त्याच्या मेहुण्याचं तसल्याच वस्तूंचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतं. यांनी आमच्या दारात पणत्या लावल्या. कुणाला नावं ठेवली नाहीत. ठेवली असतील तर मला ती कळली नाहीत.

नंतर तिकडून अमेरिकेनं आपल्या मालावर जबर कर लावला. कापड जाईना, म्हणून सूत थांबलं, म्हणून कापसाचा भाव बसला, असं वर्तमानपत्रात आलं. त्या दिवशी मी यांना डबा द्यायला मोंढ्यात गेले होते. हाटेलातली सगळी माणसं लालबुंद झाली होती. एकानं हात वर करून तळहात पुढे केला, भंडारा आणा म्हणत असावा. बाकीच्यांनी आपापल्या हातातल्या फोनकडे बघितलं. निरोप, पैसे, बातम्या, पोरांचे व्हिडिओ, सगळं त्यातच, आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं चहा आला.

लेक सासरी जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या फोनमध्ये दुसरं ॲप टाकलं. "हे अमेरिकेचं हाय पप्पा," तिनं त्यांना सांगितलं, आणि ते वाक्य पडद्यावर आलं. आल्याबरोबर मला इतकं बरं वाटलं की मी डोळे पुसले. हे नवं यंत्र आधीच्यापेक्षा हुशार होतं, आमचं बोलणं पहिल्याच दिवसापासून बरोबर धरत होतं. यांनी तेवढ्यात लेकीला विचारलं, "हे बोललेलं जातंय कुठं?"

"तिकडं जातंय. तिथल्या मशीनला ऐकू जातं, ते लिहून परत पाठवतंय."

"म्हंजी फोनात न्हाई?"

"न्हाई पप्पा. फोनात कुठं मावतंय तेवढं डोकं."

"मंग आधीचं बी जात व्हतं?"

"हाव. ते तिकडं चीनला."

हे तसेच बाजेवर बसले. मी हसायला लागले होते. मी म्हटलं, "तुमचं माकड ऐकून ते काय करणार हो?" पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. त्यांना वाटत होतं, ते माझ्याशी बोलतायत. वर्षभर, जेवताना, देवापुढे, गेलेल्या धाकट्या भावाची आठवण आली तेव्हा, माझे कान गेले त्या दिवसाबद्दल बोलले तेव्हा. एका खोलीत दोनच माणसं आहेत असं समजून माणूस जे बोलतो ते सगळं. आता त्यांना कळलं होतं की खोलीत तिसरं कुणीतरी होतं.

लेक गेली. नवं यंत्र साखरेच्या डब्याला टेकलं. हे त्याच्यासमोर बसायचे ते तहसीलमध्ये साहेबापुढे बसतात तसे, हात गुडघ्यावर ठेवून. पडद्यावर यायचं, "जेवण चांगलं झालं आहे." "मी दुपारी येतो." आमच्याकडचं बोलणंसुद्धा सोडून दिलं त्यांनी त्याच्यापुढे. मी म्हणायचे, आज काय झालं मोंढ्यात, सांगा ना. "विशेष काही नाही." एवढं स्वच्छ लिहून यायचं की त्यात हे कुठं दिसायचेच नाहीत. मी चिडले, समजावलं, आपल्या घरातलं ऐकून कुणाचं काय अडलंय असं विचारलं. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, "आपलं आपल्यात." यापेक्षा मोठं वाक्य त्यांनी कागदावर कधी लिहिलं नव्हतं. दिवस जात राहिले. मी स्वयंपाक करायचे, हे जेवायचे, फोन मधे बसून असायचा.

गेल्या महिन्यात एका दुपारी हे लवकर घरी आले. मोंढा बंद होता, का ते मला माहीत नाही. आल्या आल्या त्यांनी साखरेच्या डब्याजवळचा फोन उचलला, स्वतःच्या खिशातलाही काढला, आणि दोन्ही बाहेर लिंबाखालच्या दगडावर नेऊन ठेवले. आत येऊन दार लोटलं. खिडकी लावली. माझ्यासमोर खाली बसले, इतक्या जवळ की त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते. आणि बोलायला लागले.

किती तरी वेळ बोलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. सुरुवातीला त्यांनी जमिनीपासून हात धरून एवढंसं काहीतरी दाखवलं, लेक असेल किंवा नात, किंवा त्यांचा भाऊ लहान होता तेव्हाचा. मग एकदा माझ्या कानाला हात लावला. मधे एकदा हसले, म्हणून मीही हसले. मग त्यांचा चेहरा बदलला, रुमालानं त्यांनी तोंड पुसलं आणि परत बोलायला लागले. मी कॅलेंडर ओढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन ठेवून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते बाजूला सारलं. मला वाटलं होतं, मी रडायला लागेन. तसं काही झालं नाही. मी त्यांच्या मिशांकडे बघत बसले, आणि माणूस जिथं मान हलवतो तिथं मान हलवत राहिले.

शेवटी ते थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. विचारलं हे नक्की, कारण ते वाट बघत होते.

मी म्हणाले, "हो."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला, माझ्या हातावर हात ठेवला आणि उठून दार उघडलं. तेव्हापासून हे निवांत आहेत. नीट जेवतात, दुपारी झोपतात, माझ्याकडे बघून मधेच मान हलवतात. मी कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही, आणि आता विचारताही येत नाही. त्यांना वाटतं, मला कळलं.